मेन्नानाचा तिसरा हिस्सा

नाव: मेन्नाना. बाप मन्सूर, कुंभार, मयत. नवरा सासी, कुंभार, हयात. राहणार गल्लाला, जेर्बा बेट. वय: अंदाजे पासष्ट, खुद्द इसमास विचारले असता मिळालेले उत्तर नोंदवण्याजोगे नाही. ओळखीची खूण: खजुराच्या झापांची टोपी (गावातील सर्वच स्त्रियांस आहे). व्यवसाय: नाही. कौशल्य: नाही. स्थावर मालमत्ता: नाही. जंगम मालमत्ता: गाढव एक, तेही नवऱ्याचे. सदर इसम कुटुंबप्रमुखावर अवलंबून असून हस्तकला क्षेत्राशी तिचा संबंध आढळून येत नाही.

ही नोंद बेटाच्या पारंपरिक कला संवर्धन समितीची. समितीने त्या वर्षी जेर्बातल्या कारागिरांची मोजदाद काढली होती. मोजायला आलेला गृहस्थ सासीच्या अंगणात पोचला तेव्हा मेन्नाना पोटऱ्यांपर्यंत मातीत उभी राहून माती तुडवत होती. गृहस्थ अदबीने म्हणाला, "खाला, जरा बाजूला होता का? कुंभाराचा फोटो घ्यायचाय." ती बाजूला झाली. सासीचा फोटो चांगला आला. त्याच्या मागे तुडवलेली माती दिसते आणि मातीत पावलांचे खड्डे दिसतात. ते कुणाचे, याची नोंद नाही.

कुंभार कोणाला म्हणायचं याबद्दल गल्लालात कधी वाद नव्हता. चाकावर बसतो तो कुंभार, बाकीचे घरचे. खाणीतून माती येते ती ढेकळांनी, दगडासारखी. ती वाळवायची, कुटायची, भिजवायची, चाळायची, तुडवायची आणि पुन्हा तुडवायची, कारण पहिल्या तुडवणीला माती नुसती हो म्हणते, ऐकत नाही. हे सगळं घरच्यांनी करायचं. मग कुंभार येतो, हात ओले करतो, गाडगं उचलतो, आणि लोक म्हणतात, काय हात आहे.

सासीला हात होता, हे खरं. तो एकच वस्तू करायचा: ऑक्टोपसची गाडगी. पलीकडच्या अजीम बंदरातले कोळी थंडीत ही गाडगी दोराला ओळीने बांधून समुद्रात सोडतात. ऑक्टोपसला रिकामी जागा दिसली की तो राहायला जातो; भाडं कोळी सावकाश वसूल करतो. गाडग्याला मान असते दोर बांधायला, पोट असतं राहायला, बाकी काही नसतं. सासीचंही तसंच होतं. तरुणपणी गावातल्या सगळ्या पोरांसारखा तो राजधानीत चुलत्याच्या किराणा दुकानात गेला होता. एका गिऱ्हाइकाने "जरा हसून बोल" म्हटल्यावर परत आला. पुढे एका जर्मन पाहुण्याला छत्र्या ठेवायला गाडगं हवं होतं. सासीने विचारलं, होडी आहे का. नव्हती. गाडगं मिळालं नाही.

मेन्नाना मात्र हसून बोलायची. म्हणून गाव सासीपेक्षा तिला जास्त भ्यायचं.

तिचं माहेर पलीकडच्या गल्लीत, टेकडीला लागून. भाऊ एकच, फरहात. टेकडीच्या पोटात आमच्या प्रत्येक घराची मातीची खाण आहे. बाप जिथे थांबतो तिथून मुलगा पुढे खणतो. त्यामुळे आमची वंशावळ आडवी असते आणि ती पाहायला दिवा लागतो. कधीकधी आत दोन घरांचे बोगदे भिडतात. तसं झालं की दोघांनी थांबायचं, मध्ये हातभर भिंत राखायची आणि आपापली दिशा बदलायची, असा रिवाज आहे. सासी आणि फरहात तरुण असताना त्यांचे बोगदे भिडले. भिंत हातभर राहिली की वीतभर, आणि कुणाच्या कुदळीने, यावरून दोघांचं बोलणं तुटलं. मेन्नानाच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्यानंतर मेहुणे जन्मभर तिच्यामार्फत बोलले, अगदी ईदला एकाच चटईवर बसूनसुद्धा.

"तुझ्या नवऱ्याला सांग, चहा निवतोय."

"तुझ्या भावाला सांग, मला निवलेलाच आवडतो."

"दोघांनाही सांगते," मेन्नाना म्हणायची, "टपालखातं ईदला बंद असतं."

मन्सूर वारला तेव्हा वाटणी झाली. धर्माप्रमाणे मुलाचे दोन हिस्से, मुलीचा एक. म्हणजे खाणीचा तिसरा हिस्सा मेन्नानाचा. ती म्हणाली, मला काही नको. सगळ्या बहिणी असंच म्हणतात. मागणाऱ्या बहिणीला हिस्सा मिळतो आणि ईदला माहेरचं ताट मिळत नाही, हे आमच्याकडे कुणी शिकवत नाही आणि सगळ्यांना येतं. मेन्नानाने हिस्सा सोडला आणि ताट राखलं. दर ईदला फरहातच्या घरून झाकलेलं ताट यायचं, वर मटणाचा मोठा तुकडा, आणि ती गल्लीतून चार घरांना दिसेल असं ते हातात धरून आत न्यायची.

मोजदाद झाल्यावर समितीने नियम केला. गल्लालाची माती हा राष्ट्रीय ठेवा आहे. ठेव्याला हात लावायला कार्ड लागेल. कार्ड कलाकारालाच मिळेल. आणि कलाकार कोण, तर ज्याच्या वस्तूवर पारंपरिक नक्षी आहे तो.

फरहातला पहिल्याच दिवशी कार्ड मिळालं. टेकडीच्या पायथ्याशी त्याचं दुकान होतं आणि दुकानात ताटल्या होत्या. ताटलीवर उंट, उंटामागे मावळता सूर्य. आमच्या भागात आता एकच उंट उरलाय, तो किनाऱ्यावर पाहुण्यांना पाठीवर घेतो आणि सूर्य मावळायच्या आत घरी जातो. तरीही ताटली पारंपरिक ठरली.

सासीकडे समितीचा चिटणीस स्वतः आला. त्याचं नाव नबील, राजधानीतला तरुण, माणूस वाईट नव्हता. गाडगं दोन्ही हातांनी उचलून त्याने सगळीकडून पाहिलं.

"अम्म सासी, वस्तू सुंदर आहे," तो म्हणाला. अम्म म्हणजे काका. वडीलधाऱ्यांना आम्ही अम्म म्हणतो, आणि नकार द्यायचा असेल तर हमखास म्हणतो. "फक्त हिच्यावर काही नाहीये."

"आत आहे की. जागा आहे."

"नक्षी म्हणतोय मी."

"कशाला?"

"कला म्हटल्यावर, अम्म, काहीतरी..."

"माझं गिऱ्हाईक पाण्याखाली राहतं. ते भिंत बघत नाही, दार बघतं."

नबीलने घाम पुसला. "असं करा, एक मासा काढा. एवढासा. कार्ड मी उद्या हातात आणून देतो."

"ऑक्टोपसच्या घरावर मासा," सासी म्हणाला. "मग मी तुझ्या घरावर कोंबडी काढतो."

"काढच," मातीतून मेन्नाना म्हणाली. "पाहुण्यांना बाहेरूनच कळेल, आत जेवायला काय आहे ते."

नबील हसला आणि गेला. पुढच्या आठवड्यात सासीच्या खाणीच्या तोंडाला लोखंडी जाळीचं दार बसलं, दाराला कुलूप लागलं आणि कुलपावर समितीचं शिक्कामोर्तब झालं.

सासी रिकाम्या चाकाशी जाऊन बसला. आमच्या कुंभारशाळा अर्ध्या जमिनीत असतात, छताला खजुराचे ओंडके, आत गारवा. चाक पायाने फिरवायचं. त्याचा पाय सवयीने हलत होता आणि वर काही नव्हतं.

मेन्नाना पायऱ्यांवरून म्हणाली, "मासा काढणार आहेस का?"

"नाही."

"बरं झालं. मला माशासाठी माती तुडवायची नव्हतीच."

घरात भिजलेली माती होती ती संपली. उन्हाळा उतरायला लागला. आणि एक दिवस अजीमहून नाखवा हम्मादी आला, हातात वाळवलेल्या ऑक्टोपसची जुडी घेऊन. सासीची गाडगी त्याच्या बापाच्या काळापासून त्याच्या होडीत होती. दर थंडीत निम्मी फुटतात, दर थंडीत नवी लागतात. तो ओट्यावर बसला, टोपी काढली, पुन्हा घातली.

"बंदरात एक माणूस आलाय," तो म्हणाला. "प्लास्टिकची विकतो. पांढरी, तळाला सिमेंट ओतलेलं."

"ऑक्टोपस जातो त्यात?" सासीने विचारलं.

"जातो. त्याला काय रे. तो गाडीच्या टायरातही जातो."

"मग घे की."

"मला नकोत. गाडगं फुटलं तर वाळूत वाळू होतं. ते पांढरं माझ्या नातवाच्या जाळ्यात येईल आणि नातू माझं नाव घेईल." हम्मादी मेन्नानाकडे वळला; घरच्या बाईला आम्ही अदबीने लल्ला म्हणतो. "पण बाकीचे नाखवे थांबायचे नाहीत, लल्ला. थंडीच्या आत गाडगी आली तर गाडगी. नाही आली तर प्लास्टिक. आणि प्लास्टिक एकदा घेतलं की फुटत नाही, हीच तर भानगड आहे. परत तुमच्या दारात कोण कशाला येईल?"

तो गेला. मग मेन्नाना म्हणाली, "फरहातच्या खाणीला त्यांनी कुलूप नाही लावलेलं. कार्ड आहे ना त्याच्याकडे."

"फरहातची माती माझ्या चाकावर चढणार नाही."

"फरहातची कोण म्हणतंय?"

सासीने मान वर केली.

"तिसरा हिस्सा माझा आहे, सालमच्या बापा," ती म्हणाली. सालम त्यांचा मुलगा, परदेशात दुकान चालवतो, हसून बोलतो. "मागितला नाही म्हणून आटला नाही तो. माती आहे, दूध नाही."

"माहेर जाईल तुझं."

"जाईल."

"ईदला ताट येणार नाही. विचार कर. तू ते कसं मिरवतेस मला ठाऊक आहे."

"तुला ठाऊक असल्याचं आज पहिल्यांदा बोललास," मेन्नाना म्हणाली आणि पाय धुवायला गेली.

तिने दिवस निवडला तो गुरुवार. गुरुवारी नबील पाहुण्यांची बस घेऊन फरहातच्या दुकानी येत असे, जिवंत कला दाखवायला. दुकानाच्या मागच्या अंगाला खाणीचं तोंड होतं, तोंडाला दार आणि दाराला फरहातचं स्वतःचं जुनं कुलूप. मेन्नाना तिथे जाऊन बसली. शेजारी गाढव, गाढवावर टोपल्या, मांडीवर कुदळ. दुपारच्या नमाजाहून परतणारे लोक थांबत होते. थांबायला कारण काय, असं कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, पण पुढेही कुणी जात नव्हतं.

आत फरहात पाहुण्यांना सांगत होता, ही विद्या मला माझ्या वडिलांनी दिली.

"आणि मला?" मागच्या दारातून आवाज आला.

फरहात बाहेर आला. त्याच्या मागोमाग नबील, नबीलमागे पाहुणे, त्यांच्या गळ्यात कॅमेरे.

"मेन्नाना, इथे काय करतेस?"

"माझा हिस्सा न्यायला आले, भावा. तुझे दोन, माझा एक. तुझे तुलाच राहू देत."

फरहातने गर्दीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "घरी बोलू आपण."

"घरी मी जन्मभर बोलले. त्याच्या वतीने तुझ्याशी, तुझ्या वतीने त्याच्याशी. आज माझ्या वतीने बोलतेय, ते उघड्यावर बोलते."

"तू सोडला होतास हिस्सा."

"मला काही नको म्हणाले होते. आता हवंय."

नबील पुढे आला. "खाला, समजून घ्या. ही माती आता राष्ट्रीय ठेवा आहे. कार्डाशिवाय कुणालाही आत..."

"देवाने वाटणी आधी केली, बाळा. तुझी समिती नंतर आली. आणि कार्ड आहे की, हा काय माझा भाऊ. कार्डवाल्याने दार उघडायचं, मालकिणीने आत जायचं. नियमात बसतं का बघ."

नबीलने मनातल्या मनात नियम चाळला. बसतं की नाही हे त्याला सांगता येईना. नियम करणाऱ्यांनी कुंभार मोजले होते, उंट मोजले होते. बहिणी मोजल्या नव्हत्या. एका पाहुणीने दुभाष्याला विचारलं, हे काय चाललंय. दुभाषी म्हणाला, पारंपरिक विधी. पाहुण्यांनी फोटो काढले.

फरहात अडकला. नाही म्हणावं तर अख्ख्या गावासमोर बहिणीचा धर्माने दिलेला हिस्सा नाकारायचा, आणि उद्या मशिदीत पहिल्या रांगेत उभं राहायचं. हो म्हणावं तर सासीच्या चाकाला माती द्यायची. त्याने शेवटचं होतं ते काढलं.

"आज खाणीत पाऊल टाकलंस तर माझ्या घराचं दार तुला बंद. ईद असो की मयत."

टोपीखाली मेन्नानाचा चेहरा दिसत नव्हता. कुदळीच्या दांड्यावर बोटं एकदा सुटली, पुन्हा बसली.

"ते बंद कर," ती म्हणाली. "हे उघड."

फरहातने किल्ली आणली. किल्ली फिरेना. दोन्ही हातांनी फिरवून पाहिली, खांदा लावून पाहिला. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "आत जायची सवय राहिली नाही वाटतं कलाकाराला." तेव्हा सगळ्यांना कळलं ते गल्लीला आधीच माहीत होतं: ताटल्यांची माती मुख्य भूमीवरून पोत्यांतून, भुकटीच्या रूपात येत होती. राष्ट्रीय ठेव्याला फरहातने कित्येक वर्षांत हात लावला नव्हता. त्या अर्थी ठेवा जपला गेला होता. नबील पायांकडे बघत राहिला. शेवटी फरहातच्या बायकोने आतून ऑलिव्हच्या तेलाची बाटली आणून कुलपात ओतली आणि नणंदेकडे न बघता आत गेली.

बायका खाणीच्या तोंडाशी येतात, आत जात नाहीत. का, ते कुणी विचारलेलं नाही. मेन्नानाने दिवा पेटवला आणि आत गेली.

"हिस्सा कुठला मोजायचा?" फरहातने बाहेरून विचारलं.

"टोकाचा," बोगद्यातून उत्तर आलं. "भिंतीकडचा. ज्याच्यावरून तुम्ही दोघं भांडलात तोच द्या मला. कुणाच्या कामाचा नव्हता तो इतकी वर्षं."

पुढे ती कामाला लागली. नबीलने निर्णय दिला की कार्डधारकाने खणण्याच्या जागी जातीने हजर असावं. फरहातला रोज सकाळी दुकान बायकोवर टाकून दार उघडायला यावं लागे आणि बोगद्यात दिव्याशेजारी पालथ्या टोपलीवर बसावं लागे. बहीण खणायची, भाऊ बघायचा. दोघं बोलत नव्हते. काही दिवस गेल्यावर त्याला राहवेना.

"अशी नाही मारत कुदळ."

"मग कशी मारतात?"

"आडवी. बाबा मारायचे तशी."

"बाबांनी मला कधी आत आणलं? तू दाखव."

त्याने दाखवलं. एकदा दाखवून झाल्यावर कुदळ परत मागायला ती विसरली, आणि द्यायला तोही विसरला.

सासी गाढव घेऊन यायचा, पण टेकडीच्या अलीकडे उभा राहायचा. बायकोची माती न्यायला त्याची हरकत नव्हती. मेहुण्याच्या दारात उभं राहायला होती. एकदा मेन्नानाच्या कमरेत उसण भरली आणि भरलेली टोपली उचलून फरहातलाच बाहेर यावं लागलं. दोघं समोरासमोर आले. मध्ये गाढव होतं. निरोप न्यायला कुणी नव्हतं.

"ओली आहे," फरहात म्हणाला.

"ओलीच असते," सासी म्हणाला.

एवढ्यावर त्या दिवशीचं बोलणं संपलं, पण गावाने ते बोलणं म्हणूनच धरलं.

भट्टी लागायच्या थोडं आधी ईद आली. माहेरचं ताट आलं नाही. सासीने दोनदा गल्लीत डोकावून पाहिलं, पाणी टाकायचं निमित्त करून. मेन्नानाने एकदाच दाराकडे पाहिलं. मग चाळणी घेतली आणि अंगणात बसली. सणाला माती चाळू नये म्हणतात.

"आजचा दिवस राहू दे," सासी म्हणाला.

"का? माझी माती आहे."

ती संध्याकाळपर्यंत चाळत राहिली. गल्लीतून जाणाऱ्या बायका ईद मुबारक म्हणत होत्या. ती सगळ्यांना हसून उत्तर देत होती आणि कुणीही आत येऊन बसलं नाही. फरहातच्या घराचं दार तिला पुढेही उघडलं नाही. फरहातने दिलेला शब्द पाळला, तिनेही तो मोडायला लावला नाही. खाणीचं दार मात्र तो रोज सकाळी उघडत राहिला.

समितीचा वार्षिक अहवाल यथावकाश निघाला. त्यात म्हटलं आहे: गल्लाला येथील विनाकार्ड माती-उपसा पूर्णतः थांबला असून, नक्षीविरहित भांड्यांचे उत्पादन संपुष्टात आले आहे. मेन्नाना, व्यवसाय नाही, मालमत्ता नाही, यांच्यासंबंधी कोणतीही कार्यवाही प्रलंबित नाही.

थंडी पडली आणि अजीमच्या होड्या बाहेर पडल्या. होड्यांत मातीची गाडगी होती.